अंगठ्याचं वजन

आमच्या बेटावर राजा कधीच आला नाही.
त्याचं लोणी मात्र दर वर्षी जायचं.

माझा बाप केतिल, जार्लचा तोलदार.
त्याचा बिस्मार दाराआड खिळ्याला टांगलेला:
ओकचा दांडा, एका टोकाला लाकडाचीच जड गाठ,
दुसऱ्याला आकडा, मधे दोरीचा फास.
फास सरकवायचा मागेपुढे,
दांडी आडवी झाली की ओरडायचं माप.
आमच्याकडे झाडं उगवत नाहीत.
ओक नॉर्वेहून आलेला, कायद्यासारखाच.

लोणी यायचं पिंपांतून, गायीच्या केसांसकट,
कुणाच्यात वाळू, कुणाच्यात चुलीची राख.
लोकही शहाणे,
स्वतः खाणार नाहीत ते जार्लला द्यायचे.
किर्कवागात म्हणे त्यानं गाड्यांची चाकं माखत.

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातो केतिल,"
बायका झऱ्यावर बोलायच्या. मी गेले की गप्प.
मी मुद्दाम हळू बादली भरायची.

मग ज्या वर्षी ओड्नीचा नवरा
मासे धरायला गेला तो परतलाच नाही,
त्या वर्षी तिचं पिंप अर्धंही नव्हतं.
बापानं फास सरकवला, डोळे बारीक केले.
मी खाली बसले होते, गुडघ्यांच्या उंचीवर,
कारकुनाची नजर पोचत नाही तिथं,
म्हणून मला दिसला
त्याचा डावा अंगठा,
आकड्याच्या बाजूला दांडीवर टेकलेला,
जेमतेम, माशी बसावी तसा.
"एक लिस्पुंड," तो ओरडला. "पुरं."
ओड्नीला काही कळलं नाही.
जाताना ती नेहमीसारखीच थुंकली.

इथं थांबले असते
तर बाप चांगला माणूस ठरला असता.
पण मी पुढची पिंपंही बघितली.
सिग्वाल्डच्या भरल्या पिंपाला
अंगठा गाठीकडे होता,
आणि त्या हिवाळ्यात आमच्या फळीखाली
एक छोटं पिंप होतं, कुणीच न तोललेलं.
मी ते खाल्लं. भाकरीवर, जाड थर लावून.

बाप गेला त्याला सहा वर्षं झाली.
परवा पाद्र्यानं कागद वाचला:
राजाच्या लेकीचं लग्न, स्कॉटलंडच्या राजाशी.
हुंड्याला पैसे कमी पडले,
म्हणून आम्ही गहाण.
आम्ही, मेंढरं, खडकावरचे सील, चर्चची घंटा.
"गहाण म्हणजे सोडवणारच," पाद्री म्हणाला.
सिग्वाल्ड हसला. त्याच्या तोंडात आता दोनच दात.

मला त्या पोरीचं वाटत राहिलं.
कोवळी आहे म्हणतात.
तिला कुणी सांगितलं असेल का,
तिच्या वजनाला कमी पडलं
म्हणून बापानं दांडीवर
अंगठ्याऐवजी बेटं टेकवली?

आमचा जुना कायदा सांगतो,
जमीन ज्याची त्याची, डोंगरमाथ्यापासून
ओहोटीच्या शेवटच्या दगडापर्यंत.
मी पाद्र्याला कागद पुन्हा वाचायला लावला.
ओहोटीचं त्यात काही नव्हतं.
तो म्हणाला, "आल्फदिस, घरी जा."

नवा तोलदार येतोय. त्याची बोली वेगळी,
त्याचं माप अजून दक्षिणेतच कुठं अडकलंय,
तेव्हा या वर्षी तरी आमचाच बिस्मार वापरेल.
आज अमावास्या. पाणी खूप लांब गेलंय,
एरवी न दिसणारे दगड उघडे पडलेत, शेवाळानं काळे.
त्यांतल्या शेवटच्यावर मी बसलेय,
मांडीवर दांडा, हातात मासे चिरायची सुरी,
आणि गाठ तासतेय, टवका टवका.

किती तासायचं
ते बापानं सांगितलं नव्हतं.
पाणी फिरलंय. घोट्यापर्यंत आलं
की थांबेन.